बिबट्यानं तोडलेला घोडा

(शिरूर, जानेवारी १९६३. मिशनच्या आवाराच्या भिंतीला लागून योसेफ रणनवरे यांची पडवी. इथे स्टोव्ह, शिवणयंत्रं आणि सायकली दुरुस्त होतात. दुपारचे तीन.)

पोपटराव : ...म्हनून म्हणतो मामा, जास्ती काय करू नका. नुसतं पुसून द्या. चकाकलं पाहिजे बास. चार वाजता हितल्या शाळंच्या पटांगणात मांडव हाय, मामलेदारसाहेब सोता येणार, आन् मी निमोण्याचा सरपंच म्हनून वडलांचं पिस्तूल चिन्यांच्या लढाईच्या संरक्षण फंडाला देणार.

योसेफ : पोपटराव, आधी त्याचं तोंड त्या मोडक्या स्टोव्हकडे करा. माझ्याकडे नको.

पोपटराव : रिकामं हाय की.

योसेफ : कुणी पाहिलं?

पोपटराव : पाहायचं काय त्यात? सोळा वर्सात वाजलं न्हाई, म्हंजी रिकामंच असणार.

योसेफ : मी खडकीला बावीस वर्षं सरकारी हत्यारं दुरुस्त केली. तिथे असंच म्हणणारा एक गृहस्थ होता. नंतर त्याला आम्ही डाव्या हाताने सलाम ठोकायला शिकवलं.

झुंबरबाई : ऐक! सकाळधरनं ह्याला मी दुसरं काय सांगती? हात लावू नका त्याला, योसेफभाऊ. जसं हाय तसं फडक्यात गुंडाळा आन् आमाला वाटंला लावा.

पोपटराव : आई, तू गप बस. मामा, हिला घरी ऱ्हा म्हणलं तर यष्टीत माझ्या आधी चढून बसली. निमोण्यापासनं हितपर्यंत ती पिशवी मांडीवर. कंडक्टर म्हणला, आजी, पिशवी वर ठेवा. तर त्याच्यावर अशी वराडली की त्यानं तिकिटाचे पैसे मागायचंच भ्या घेतलं.

योसेफ : बसा वहिनी. त्या शिवणयंत्राच्या स्टुलावर बसा, पाय डुगडुगतो पण पडत नाही. लिडिया, चहा टाक गं! कोंडिबा पाटलांच्या घरची माणसं आली आहेत... अरे देवा. पोपटराव, याला काय लावलंय? लोखंड कुठे आहे यात?

पोपटराव : दसऱ्याची पूजा असती ना. आधी तूप, मंग हळद, मंग कुंकू, आन् वर शेंदराचं एक बोट.

योसेफ : आणि हा काळा थर?

पोपटराव : बावन्न साल. तवा तूप कुठलं, करडईचं तेल लावलं.

योसेफ : उघडायचा खटका थिजून दगड झालाय. घासलेट सोडतो, अर्धा तास मुरू दे. मग उघडेल.

पोपटराव : उघडंल म्हंजी? हे उघडतं?

योसेफ : मग गोळ्या काय तोंडातून भरवायच्या, घास घास म्हणून? मधून मोडतं हे. मान खाली पडते, चक्र वर येतं, सहा भोकं दिसतात.

झुंबरबाई : काय गरज न्हाई उघडायची!

योसेफ : उघडल्याशिवाय मी हे कुणाच्या हातात देणार नाही, वहिनी. मांडवात शाळेची पोरं असतील.

झुंबरबाई : मंग द्यायचंच न्हाई फंडाला. माझ्या धन्याची आठवण हाय ती. एकच तर हाय.

पोपटराव : आई, आबांचा फेटा हाय, चष्मा हाय, पानाचा डबा हाय. सगळ्या आठवणी सोडून तुला पिस्तूलच पाहिजे? मामा, तिकडं ध्यान देऊ नका. घासलेट मुरंस्तवर मी भाषण म्हणून दावतो. मास्तरांनी लिवून दिलंय, पर माहिती माझी. ऐका. ‘उपस्थित बंधुभगिनींनो! हे केवळ शस्त्र नव्हे. दौंडजवळच्या छावणीत एका गोऱ्या कप्तानावर बिबट्याने झेप घेतली, तेव्हा माझे वडील कैलासवासी कोंडिबा पाटील केवळ एका विळ्यानिशी...’

योसेफ : विळा कशाला घेऊन गेले होते छावणीत?

पोपटराव : मधी बोलू नका, लय तुटती. ‘...विळ्यानिशी धावून गेले. त्या झटापटीत बिबट्याने कप्तानाच्या पिस्तुलाचा घोडा दातांनी तोडला. तो तुटका घोडा आपण आजही पाहू शकता!’ हितं मी पिस्तूल वर धरणार. मास्तर टाळी वाजवणार, म्हंजी बाकीचे वाजवत्यात.

योसेफ : घोडा बिबट्याने तोडला.

पोपटराव : व्हय. बघा की. दुसऱ्या पिस्तुलाच्या घोड्याला मागं शेपूट असतं, अंगठ्यानं वढायला. ह्याला हाय का?

योसेफ : नाही. कारण या नमुन्याच्या घोड्यांची शेपटी उडवा, असा मागच्या मोठ्या लढाईत हुकूम आला होता. मी स्वतः कानशीने कापल्यात. चारशे तरी असतील.

पोपटराव : ...का बरं कापल्या?

योसेफ : आमचे हवालदार सांगायचे, रणगाड्यात चढता-उतरताना ती शेपटी अडकायची म्हणून. आमचा स्टोअरकीपर म्हणायचा, रणगाडा-बिणगाडा सगळी थाप, घोडा साधा केला की काम लवकर उरकतं म्हणून. यावरून दोघांनी एकदा दोन महिने एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. मी तर हुकूम तेवढा पाहिला. त्यामागचं कारण मला कुणी वाचून दाखवलं नाही.

पोपटराव : म्हंजी पक्कं कुणालाच ठावं न्हाई. मंग तिसरं कारण बिबट्या असू शकतं!

योसेफ : चारशे बिबटे, पोपटराव?

झुंबरबाई : असू द्या की! सोळा वर्सं बिबट्या व्हता, आजच्या दिस ऱ्हायला तर कुणाचं काय बिघडतंय? पुसू नका आता. लय पुसलं.

योसेफ : वहिनी, तुम्ही स्टुलावरून पडाल. मागे सरका... हं, हे पाहा, बाण उघडा पडला.

पोपटराव : त्रिशूळ म्हणा, मामा. ते भाषणात हाय. ‘कप्तानाने माझ्या वडिलांची शिवभक्ती पाहून स्वहस्ते त्रिशूळ कोरला.’ आम्ही बेल वाहतो त्याच्यावर.

योसेफ : हा सरकारी बाण. सरकारी मालाची खूण. ती हातोडी उचला, दांड्यावर पाहा. दिसला? आता तो पत्र्याचा डबा उलटा करा.

पोपटराव : आयला, त्याच्यावर बी हाय!

योसेफ : खडकीला घोंगडीवर असायचा, बादलीवर असायचा. टमरेलावरसुद्धा असायचा.

पोपटराव : टमरेलावर!

योसेफ : तिथे कुणी बेल वाहत नव्हतं, एवढं खरं.

पोपटराव : बरं, त्रिशूळ खोडतो. हे मुगुट आन् त्याखाली दोन विंग्रजी अक्षरं? जी आन् आर. मास्तर म्हणाले, त्याचा अर्थ ‘गावचा रक्षक’.

योसेफ : मास्तर कोणता विषय शिकवतात?

पोपटराव : बागकाम.

योसेफ : मग बरोबर आहे. ती राजाच्या नावाची अक्षरं. लढाईच्या वेळी जो जॉर्ज राजा होता त्याची. तुमच्या गावाशी त्याचा संबंध नाही.

पोपटराव : आन् ही चांदणी? ही तरी शौर्याची असंल?

योसेफ : शिंप्याने पायजमा आखूड केला की आत खडूची खूण राहते ना? तशी. मूळ नमुना होता, त्यात नंतर फरक केला, म्हणून आकड्यापुढे चांदणी. कापलेल्या शेपटीचीच ती चांदणी आहे.

पोपटराव : मुठीखालची कडी? तिला शेळी बांधायचे ना, बिबट्याला आमिष म्हनून?

योसेफ : पिस्तुलाला शेळी बांधून जंगलात सोडायची? आणि शेळी पळाली तर?

पोपटराव : मी बी लहानपणी हेच इचारलं व्हतं. आबा म्हणाले, जेव.

योसेफ : गळ्यात गोफ असतो, तो त्या कडीत अडकवायचा. धावपळीत हातातून निसटलं तर हरवू नये म्हणून. आणखी एक पाहा. चक्रावरचा नंबर वेगळा, सांगाड्यावरचा वेगळा. दोन वेगवेगळ्या पिस्तुलांचं हे एक केलंय.

पोपटराव : म्हंजी हे सुदीक अस्सल न्हाई?

योसेफ : अस्सल आहे. दुसरेपणाचा संसार आहे, इतकंच. चालतो तो.

पोपटराव : मामा, पाच पानांचं भाषण व्हतं. तुम्ही आता ‘उपस्थित बंधुभगिनींनो’ एवढंच ठेवलंय. ह्या कडंला बघा. हितं दोन त्रिशूळ... दोन बाण हायेत, तोंडाला तोंड लावून. ही तरी कप्तानाच्या आन् आबांच्या दोस्तीची खूण असंल?

योसेफ : कुठे? उजेडात आणा... हं.

पोपटराव : हं काय?

योसेफ : काही नाही. चहा घ्या.

पोपटराव : न्हाई मामा, ‘हं’ म्हणालात तुम्ही. शेपटीला म्हणाला न्हाई, टमरेलाला म्हणाला न्हाई. ह्यालाच म्हणालात.

योसेफ : एक बाण म्हणजे माल सरकारचा. तोंडाला तोंड लावून दोन बाण मारले, म्हणजे सरकारने तो माल विकून बाहेर काढला. पोपटराव, कप्तान आपलं पिस्तूल खुशीने कुणाला देऊ शकत नाही. दिलंच चोरून, तर त्यावर ही खूण नसती. हे पिस्तूल विकत घेतलेलं आहे.

पोपटराव : आई?

झुंबरबाई : मला काय इचारतोस? मी चहा पिती.

पोपटराव : आई, कपात चहाच न्हाई. कवाच संपला.

झुंबरबाई : ...व्हय बाबा. लिलावातनं आणलं तुझ्या बापानं. झालं समाधान? आता उठ, घरी जाऊ.

पोपटराव : लिलावातनं! आन् बिबट्या?

झुंबरबाई : तुझ्या बापानं जन्मात बिबट्या बघितला न्हाई. बोक्याला भ्यायचे. छावणी उठली तवा दौंडला मोठा लिलाव लागला व्हता. हे गेले ताडपत्री आणायला, कडब्यावर टाकायला. पाटीलकी व्हती, हत्याराचा परवाना व्हता, तो कोटाच्या वरच्या खिशात ठेवायचे, अर्धा बाहीर दिसंल असा. ताडपत्रीचा पुकारा व्हायला येळ व्हता. तेवढ्यात गर्दीत पलीकडं यवतचा माझा भाऊ दिसला. ह्यांनी हात वर करून म्हणलं, ‘राम राम पाव्हणं!’

योसेफ : अरेरे.

झुंबरबाई : लिलाववाल्यानं दणकन हातोडा आपटला. म्हणला, पाटील, तुमचं! ह्यांना वाटलं ताडपत्री घावली. हातात आलं हे.

योसेफ : मग ‘चूक झाली’ म्हणायचं.

झुंबरबाई : चार गावची माणसं बघत व्हती, भाऊ. पाटील चुकला असं म्हणायचं तरी कसं? फेट्यात गुंडाळून निघाले. वाटंत कुणी इचारलं, तर साहेबानं दिलं म्हणले. कशाबद्दल, तर साहेबाच्या अंगावर कुत्रं आलं व्हतं. न्हावऱ्यात पोचस्तवर त्या कुत्र्याचं तरस झालं. आन् आपल्या चावडीत आले तवा बिबट्या घिऊनच आले.

पोपटराव : आन् तू कधी बोलली न्हाईस?

झुंबरबाई : काय बोलू? कडबा भिजला त्या साली सगळा. मी बोलायला लागले की हे त्वांड असं करायचे... तुझं आता झालंय ना, तसंच.

पोपटराव : आई, मी दोन इलेक्शनी त्या बिबट्यावर लढलोय! ‘बिबट्याशी झुंजलेल्या बापाचा लेक’ म्हनून भिंती रंगवल्या. माझ्या इरुद्ध उभा ऱ्हायलेला बाळासो ईर्षेनं म्हणला, माझ्या बापानं साप मारला व्हता. लोक हसले त्याला. आन् आज मी मांडवात उभा ऱ्हाऊन काय सांगू, माझ्या बापानं मेव्हण्याला राम राम केला?

योसेफ : खटका सैल झालाय.

झुंबरबाई : नगा!

योसेफ : वहिनी, हात काढा. बोट सापडेल. पोपटराव, आईला धरा. हा दाबला, आणि ही मान गेली खाली...

पोपटराव : मोडलं! मामा, मोडलंत तुम्ही!

योसेफ : उघडलंय. ओरडू नका, शेजारी शाळा आहे. आता हे उलटं करून हलवतो, म्हणजे काही असेल तर... हे काय पडतंय?

पोपटराव : गोळ्या! पळा!

योसेफ : पिवळ्या गोळ्या? आणि गोल?

झुंबरबाई : उचला! उचला आधी! तो स्टोव्हखाली गेला एक! पोपट, पाय उचल, तुझ्या टाचंखाली हाय! लिडियाबाय, दार लावा, कोंबडी आत यील!

पोपटराव : आई... हे तर बोरमाळंचे मणी हायेत.

झुंबरबाई : मोजू नको. एकोणीस हायेत.

पोपटराव : तुझी बोरमाळ घोडनदीत गेली व्हती ना? कपडे धुताना? दोन दिस सारी भावकी पाण्यात उतरली व्हती. मला ताप भरला व्हता!

झुंबरबाई : गेली असती तर बरं झालं असतं, एवढं बोलणं तरी लागलं नसतं. तुझ्या बापाला इंजिन घ्यायचं व्हतं हिरीवर. रोज आपलं एकच, मोट वढून बैल मेले, माळ दे, माळ दे. माझ्या आईची माळ ती. घरात लपवावं तर ह्यांचं नाक सगळीकडं. मंग म्हणलं, हे कशाला हात लावत न्हाईत? तर ह्या पिस्तुलाला. एकेक मणी कडंच्या भोकांतनं दाभणानं आत सारला आन् वर मेण लावलं.

पोपटराव : आन् बाळासोच्या घरी सोसायटीच्या मिटिंगीत मी त्याच्यावर पिस्तूल रोखलं व्हतं, तवा...

झुंबरबाई : तवा माझी बोरमाळ रोखली व्हतीस तू. मी दाराआड उभी व्हते. मला बाळासोची काळजी न्हवती, म्हणलं ह्यानं चाप वढला तर माझं सोनं त्याच्या अंगणात.

योसेफ : चाप ओढला असता तरी काही झालं नसतं, वहिनी. सोनं असं उडत नाही.

झुंबरबाई : ते तुम्ही शिकल्याली माणसं. मला काय ठावं!

पोपटराव : ते ऱ्हाऊ दे. आई, गेल्या म्हयन्यात दवंडी दिली, चिन्यांच्या लढाईला ज्याला जमंल त्यानं सोनं द्यावं. बायकांनी कानातली फुलं काढून दिली. मी तुला इचारलं. तू काय म्हणालीस? गुंजभर न्हाई. मी सरपंच, मारुतीम्होरं उभा ऱ्हाऊन सांगितलं, माझ्या घरात गुंजभर सोनं न्हाई!

झुंबरबाई : तुला ठावं न्हवतं, म्हंजी तुझी शपथ खरीच.

पोपटराव : आता सगळं द्यायचं. एकोणीस.

झुंबरबाई : दोन देती.

पोपटराव : आई, तिकडं बर्फात पोरं उभी हायेत!

झुंबरबाई : ती ठावं हायेत मला. आपल्या वाडीतली दोन तिथंच हायेत, त्यांच्यासाठी मी रोज दिवा लावती. तीन.

पोपटराव : दहा.

झुंबरबाई : पोपट, बाईमाणसापाशी असं काय तरी असावं ज्याच्यावर कुणाची नजर न्हाई. नवऱ्याची न्हाई, लेकाची न्हाई, सरकारची बी न्हाई. मी ते घालीत न्हाई, मोडीत न्हाई. नुसतं हाय. एवढंच. योसेफभाऊ, सांगा ह्याला.

योसेफ : मी स्टोव्ह दुरुस्त करणारा माणूस. मला यात ओढू नका.

झुंबरबाई : बरं. एका भोकातलं देती. किती असत्यात एका भोकात?

योसेफ : चारेक.

झुंबरबाई : चार दिले. एक गोळी समज. पिस्तूल भरून देतूया असं म्हण मामलेदाराला.

पोपटराव : ...हे बाकी भाषणात बसंल.

योसेफ : थांबा. एक भोक अजून गच्च आहे. नळीच्या बरोबर मागे होतं ते. वहिनी, यातही तुम्ही मणी घातले होते?

झुंबरबाई : न्हाई. तिथं माझं दाभण पोचलं न्हाई. तोंडाम्होरं ती नळी येती ना.

योसेफ : बरोबर. समोरून तिथे काहीच जात नाही. हे उघडूनच घालावं लागतं... कापडाचा बोळा आहे. काडीने ढकलतो. आला. घ्या.

पोपटराव : लाल चिंधी हाय. काय तरी बांधलंय आत. आई, मणी! ह्यो विसावा!

झुंबरबाई : आण इकडं.

पोपटराव : तू तर एकोणीस म्हणालीस.

झुंबरबाई : एकोणीसच ठेवले व्हते. माळ लपवायच्या आधीच ह्यातला एक तुटून पडला व्हता. लग्नाघरात. मी तुझ्या चुलतीवर आळ घेतला, कस्तुराबाईवर. तिनंच उचलला म्हणले, चार बायकांत. ती रडली, शपथा घेतल्या. तवापासनं मी तिच्याशी बोलत न्हाई.

पोपटराव : तेरा वर्सं झाली त्याला.

झुंबरबाई : ही चिंधी बघ. ह्यांचा लाल फेटा. दसऱ्याला घालायचे तो.

योसेफ : त्यांना उघडायला येत होतं तर. लिलावात दाखवलं असणार कुणीतरी. आणि तेव्हा थर कमी होते, सहज उघडलं असेल.

पोपटराव : म्हंजी आबांना घावला हा मणी. आन् तो ठेवायला पिस्तूल उघडलं तर... आई, त्यांना सगळे दिसले असणार. एकोणीसच्या एकोणीस.

झुंबरबाई : दिसले असतील.

पोपटराव : आन् इंजिन?

झुंबरबाई : इंजिनाचं पुन्हा नाव काढलं न्हाई. मी मनात म्हणायची, इसरले. मरंस्तवर मोट हाकली माणसानं.

पोपटराव : सांगायचं तरी की तुला, हा घे तुझा मणी म्हनून.

झुंबरबाई : सांगितलं असतं तर मला कळलं असतं की त्यांना कळलंय. मंग मी माळ हितनं काढून दुसरीकडं लपवली असती. आन् त्यांच्यावर इश्वास ठेवला नसता पुन्हा. वळखून व्हते मला. ठेवला असंल गुपचूप, की कवा तरी मी बघीन आन् कस्तुराबाईचं आपसूक मिटंल. मला मेलीला ह्ये उघडतंय हेच ठावं न्हाई. वाट बघत बसले असतील.

योसेफ : लिडिया, वहिनींना पाणी आण.

झुंबरबाई : नगं पाणी. मी रडत न्हाई. घासलेट गेलं डोळ्यात.

योसेफ : हो. उग्र असतं ते.

पोपटराव : मामा, पिस्तूल बांधा फडक्यात. येळ झाला. मी भाषण फाडून टाकतो.

योसेफ : मग बोलणार काय?

पोपटराव : उभा ऱ्हाईन आन् सांगंन. माझा बाप ताडपत्री आणायला गेला व्हता. मेव्हण्याला बघून हात वर केला, आन् हे आलं घरी. सोळा वर्सं आम्ही ह्याच्यावर बेल वाहिला. आता तुम्ही घ्या, आन् खरं काम करून घ्या त्याच्याकडनं. हसू द्या लोकांना. बाळासो तर गडाबडा लोळंल.

योसेफ : हसतील. आणि मग टाळ्या वाजवतील. मास्तरांना सांगावं लागणार नाही.

पोपटराव : तुम्हाला असं वाटतं?

योसेफ : लढाई झाल्यापासून मी या गावात कुणाला मोकळं हसताना ऐकलं नाही, पोपटराव. चर्चमध्ये नाही, बाजारात नाही. सांगा तुम्ही. तो राम राम मात्र नीट हात वर करून दाखवा.

पोपटराव : फक्त लिलाववाला तिथं नसला म्हंजी बरं. आई, चार मणी ह्या रुमालात बांध. बाकीचे... तुझे तू बघ. मी इचारणार न्हाई कुठं ठेवलेस.

झुंबरबाई : इचारलंस तरी सांगणार न्हाई. योसेफभाऊ, तुमची मजुरी?

योसेफ : मी नुसतं पुसलं, वहिनी.

पोपटराव : चल. पुढच्या रांगंत बायकांची बसायची सोय केलीया, सरपंचाच्या घरची माणसं म्हनून तिथं बस.

झुंबरबाई : पुढं नगं मला. कस्तुराबाई आली असंल, ती नेहमी मागं खांबापाशी बसती. तिच्या शेजारी जागा हाय का, तेवढं बघ.